मीनघारीच्या पायातली कडी

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. सांगण्यासारखं तरी काय आहे, असं मी स्वतःला कितीदा विचारलं. एका पक्ष्याच्या पायात कडी होती की नव्हती, एवढीच तर गोष्ट. कुणी मेलं नाही, कुणाचा संसार मोडला नाही. मग इतकी वर्षं ती घशात का अडकून बसली आहे?

सगळं क्रमानं सांगते. एकदम सांगायला गेले तर पुन्हा स्वतःच्या बाजूनं सांगेन — ती सवय मला आहे, आणि ती कशी लागली हेही यात येईलच.

मी भोकरदनच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ग्रंथालयात पक्ष्यांवरचं एक जाडजूड रंगीत पुस्तक आलं होतं. कॉलेजातल्या कुणी त्याला हात लावला नाही. एके दुपारी पांढऱ्या साडीतली, खांद्याला सरकारी पिशवी लावलेली एक बाई दारात उभी राहिली. बाहेरच्या माणसाला इथं बसून वाचता येतं का, असं तिनं विचारलं. येत नव्हतं. पण मी हो म्हटलं. तिनं बरोब्बर तेच पुस्तक मागितलं.

ती सुमन साळवे. धावड्याच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका, म्हणजे सगळ्यांची 'सिस्टर'. राहायला भोकरदनलाच, रोज स्कूटीवरून जायची-यायची. वाटेत जे पक्षी दिसत ते ती जुन्या लसीकरण रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर काढून ठेवायची, साध्या निळ्या पेनानं. मी ती पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. मी पुस्तकं वाचून पक्षी ओळखायचे. सुमनला ते दिसायचे. हा फरक मला त्या पहिल्याच दिवशी कळला होता. मान्य करायला मात्र फार वेळ लागला.

आम्ही मैत्रिणी झालो. ती मला आधी मॅडम म्हणायची, मग विजयाताई म्हणायला लागली. रविवारी आम्ही तिच्या स्कूटीवरून तळ्याकाठी जायचो. माझ्या घरी तिचं जेवण व्हायचं, तिच्या घरी माझं. आता हे लिहिताना एक गोष्ट आठवते — आमच्याकडं ती जेवायला आली की माझ्या सासूबाई वेगळा तांब्या काढायच्या. सुमन ते बघायची. मी ते न बघितल्यासारखं करायचे. पण ती वेगळी कबुली आहे. की तीच आहे?

एका पावसाळ्यात तिला उपकेंद्रामागच्या दलदलीत रंगीत पाणलावा दिसला, चार पिल्लांसकट. त्या पक्ष्यात नर पिल्लं सांभाळतो, मादी अंडी घालून निघून जाते. सुमन पंधरा दिवस रोज डबा खाताना त्या बापाला बघत होती. तो पिल्लांना पंखाखाली कसा घेतो, कावळा आला की कसा पंख पसरून उभा राहतो — सगळं तिनं मला सांगितलं. मी त्यावर जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानासाठी लेख लिहिला. चांगला झाला होता. त्यात 'मला दिसलं', 'मी थांबले', 'माझा श्वास रोखला गेला' असं होतं. सुमनचं नाव कुठंच नव्हतं.

लेख छापून आला तेव्हा तीच अंक घेऊन आली. म्हणाली, "लई छान लिव्हलंय ताई." बाकी काही नाही. मी मनाला सांगितलं, तिला काही वाटलेलं नाही. लेखाला भाषा लागते, ती माझी होती. आणि 'मी' लिहिल्याशिवाय लेखात जीव येत नाही. किती सहज पटलं मला ते!

मग ते घरटं आलं.

बसस्टँडसमोर औषधाच्या दुकानावर इरफानचं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, प्लायवूडचे आडोसे, एक पंखा. मी ग्रंथालयाच्या कामासाठी तिथं जायचे. पक्षी बघणाऱ्यांच्या एका ईमेल-गटात मी होते. तिथं कुणीतरी एक पत्ता पाठवला — युरोपात अगदी वर, थंडीच्या देशात, एका उंच झाडाच्या शेंड्यावर मीनघारीचं घरटं आहे, तिथं कॅमेरा बसवलाय, जगात कुठूनही बघता येतं. मीनघार म्हणजे फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आमच्याकडच्या तलावांवर एखाददुसरी येते. पण तिचं घरटं आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलं नव्हतं, कारण ती इकडं घरटं करतच नाही.

मी सुमनला बोलावलं. दळवी काकांना बोलावलं — ते पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, पिंपळगाव रेणुकाईचे, गळ्यात कायम जुनी दुर्बीण. इरफान तर तिथंच होता. चौघं एका पडद्यापुढं बसलो. चित्र कसलं, दर मिनिटाला एकदा हलायचं. मादी मान डावीकडं करून बसलेली, मग मान एकदम उजवीकडं. मधलं आपण मनानं भरायचं. पण पंखाखालून तीन इवल्या चोची वर आल्या आणि आम्ही चौघंही ओरडलो. खालून औषधवाला वर आला, काय झालं बघायला.

तो पावसाळा मला अजून लख्ख आठवतो. मी कॉलेज सुटल्यावर, सुमन ड्यूटीवरून परतताना, काका चारच्या बसनं. लोडशेडिंग असलं की इरफान इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालवायचा, तो आमच्यासाठी. त्या पानाच्या खाली जगभरचे लोक लिहायचे. मी इंग्रजी वाचून दाखवायचे, उत्तरं टाईप करायचे. 'आम्ही चौघे, भोकरदन, भारत' अशी सही करायचो. एकदा तिकडं सलग पाऊस लागला. नर दोन दिवस मासा आणेना. सर्वांत धाकटं पिल्लू मान टाकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर दोनच चोची होत्या. काका चष्मा पुसत बसले. इरफाननं त्या दिवशी चहा सांगितला पण कुणी प्यायलं नाही.

जुलैत एक माणूस झाडावर चढला, दोन्ही पिल्लांच्या पायात कड्या घालायला. एका पायात धातूची, दुसऱ्या पायात रंगीत प्लास्टिकची. तिच्यावर मोठी अक्षरं असतात, म्हणजे पक्षी जगात कुठंही गेला तरी दुर्बिणीतून वाचून कळवता येतं. माणूस दिसताच पिल्लं घरट्यात मेल्यासारखी सपाट पडली. मी घाबरले. सुमन हसली. म्हणाली, "काही न्हाई ताई. सुई बघितली की आमच्याकडची लेकरं पण अस्संच अंग टाकून देतात." तिनं तिथल्या तिथं रजिस्टर काढून ते चित्र उतरवलं — सपाट पिल्लं, माणसाचा हात, निळी कडी.

ऑगस्ट संपताना घरटं रिकामं झालं. आम्ही तरीही आठवडाभर जाऊन त्या काटक्या बघत बसलो. वेडेपणाच तो.

डिसेंबरात एके दिवशी ग्रंथालयात फोन आला. औरंगाबादचे एक प्राध्यापक — त्यांना मी आधी एकदा कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं होतं, आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. ते उत्साहात होते. "मॅडम, तुमच्या साळवे सिस्टरांचा फोन आला होता. धावड्याच्या तलावावर कडी असलेली मीनघार आहे म्हणतात! निळी कडी. अक्षरं वाचता आली नाहीत त्यांना. मी रविवारी येतोय. कॉलेजची तिपाईवरची दुर्बीण तुमच्या ताब्यात आहे ना? तेवढी आणा."

मी "हो सर" म्हटलं. फोन ठेवला. समोर मुलं पुस्तकं घेऊन उभी होती, मी त्यांच्याकडं बघत राहिले.

तिनं सरांना सांगितलं. आधी सरांना. मला नाही.

त्या दिवसांत मला काय झालं होतं ते मी तुम्हाला कसं सांगू? पक्ष्याचा आनंद मला एका क्षणापुरताही झाला नाही. डोक्यात एकच — मी तिला दार उघडलं. मी ग्रंथालयात बसवलं, पुस्तक दिलं, घरटं दाखवलं, सरांची ओळखसुद्धा मीच करून दिली. आणि ती माझ्या पाठीमागून गेली? मैत्रीण म्हणवून? दोन दिवस मी नीट जेवले नाही. माझ्याशी दगा झाला होता. हा शब्द मी मनात इतक्यांदा उच्चारला की तो खराच झाला.

शनिवारी सुमन आली. दारातच म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगायला येऊनच राह्यले होते. सरांचा फोन आल्ता का?"

"आला होता," मी म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाली, "या वेळेस म्हणलं, पहिले सरांना सांगावं."

या वेळेस.

म्हणजे तिला आठवत होतं. पाणलाव्याचा तो लेख, त्यातला तो 'मी' — तिनं काही विसरलेलं नव्हतं. तिनं भांडण केलं नाही, हिशेब मागितला नाही. फक्त या वेळी आपलं दिसणं आपल्या नावावर राहावं, एवढी काळजी घेतली होती. हे मला त्या क्षणी समजलं. बघा, समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. समजलं, आणि म्हणूनच राग दुप्पट झाला. चोरी उघडी पडलेल्या माणसाला जसा राग येतो तसा.

मी म्हटलं, "बरं केलंस. चहा घेतेस?" तिनं घेतला. आम्ही थंडीबद्दल बोललो.

रविवारी सकाळी तलावावर आम्ही पाच जण होतो. सर, दळवी काका, इरफान, सुमन आणि मी. सुमननं नवी साडी नेसली होती. फिकट पिवळी. सर जीपमध्ये म्हणाले होते, जानेवारीत जिल्ह्यातल्या तलावांवरच्या पक्ष्यांची मोजणी करायची आहे, या भागासाठी माणूस हवाय, साळवे सिस्टर रोज या वाटेनं जातात, त्यांनाच घेऊ. सुमन खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

मीनघार होती. पाण्यात बुडून वाळलेल्या एका बाभळीवर, बरीच लांब, पंजात मासा धरून फाडत बसलेली. माशामुळं पाय दिसत नव्हते. सरांनी बघितलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना पाणीच जास्त दिसत होतं. ते मागं सरले. "मॅडम, तुम्ही बघा. तुमचा डोळा सरावाचा आहे."

मी वाकून डोळा लावला. बाकीचे मागं उभे. तिनं माशाचा शेवटचा तुकडा गिळला, फांदीवर चोच पुसली. मग उजवा पाय उचलून मान खाजवली, अगदी सावकाश, मला दाखवायचं असल्यासारखं.

कडी होती. निळी. तिच्यावर पांढरी अक्षरं — वर इंग्रजी 'के', खाली नऊचा आकडा. ऊन मागून होतं, इतकं स्वच्छ की मी आजही डोळे मिटले तर वाचू शकते.

आणि मी म्हणाले, "नाही सर. कडी नाहीये."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ — पण नाही. खोटं टिकावं म्हणून मी त्याला तपशील दिला. लेख लिहिणारी ना मी! म्हणाले, "मासेमारीच्या जाळ्याचा धागा आहे. निळा नायलॉनचा. पायाला गुंडाळला गेलाय बिचारीच्या."

"बघू, बघू," म्हणत सर पुढं आले, तोवर ती उडाली. तलाव ओलांडून टेकडीमागं गेली.

सुमन म्हणाली, "न्हाई ताई. कडीच हाय. आठ दिवस झाले मी बघून राह्यले." तिचा आवाज नेहमीचाच होता. वाद घालत नव्हती, चुकून राहिलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती.

"सिस्टर, होतं असं," सर मायेनं म्हणाले. "पावसाळाभर तुम्ही कड्याच बघितल्या ना पडद्यावर. आणि तिकडचे पक्षी बहुतेक आफ्रिकेत जातात. मलाच शंका होती." ते खरंच भले गृहस्थ होते. त्यांच्या भलेपणानंच ती गोष्ट पक्की झाली.

दळवी काका दुर्बीण गळ्यात सावरत मला म्हणाले, "कुणाच्या बोलण्यावर किती धावायचं, हे आपण बघायला पायजे ना मॅडम." त्या 'कुणाच्या'त काय काय होतं ते मला कळलं. सुमनलाही कळलं. मी गप्प राहिले. इरफान तिपाई घडी करायला लागला, उगाच घाईनं.

सुमननं माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. "तुम्ही नीट बघितलं ना ताई?"

"नीट बघितलं."

तिला कळलं का त्या वेळी? मला वाटलं, कळलं. वाटलं, आता ओरडेल, आता पाणलाव्याचं काढेल. मला तेच हवं होतं की काय, कोण जाणे. तिनं मान खाली घातली आणि जीपकडं चालायला लागली. पिवळ्या साडीचा काठ चिखलानं भरला होता.

त्याच संध्याकाळी मी एकटी इरफानकडं गेले. कड्या घालणाऱ्या लोकांचं एक पान होतं, तिथं दिसलेली कडी कळवायची सोय होती. मी पक्ष्याचं नाव टाकलं. कडीचा रंग टाकला. 'के' आणि नऊ टाकलं. जागा — धावडा, जिल्हा जालना. पुढचा रकाना होता पाहणाऱ्याच्या नावाचा.

तिथं मी थांबले. सुमनचं नाव घातलं तर सकाळचं माझं बोलणं खोटं ठरत होतं. आणि — हे सांगताना लाज वाटते — माझं नाव घालावं असंही क्षणभर मनात आलं. अर्धं टाईपही केलं. मग इरफान मागून येतोय असं वाटून मी सगळं बंद केलं. ती मीनघार कुठल्या घरट्यातली होती, किती वर्षांची होती, आम्ही पाहिलेल्या दोघांतली एक होती का — ते कुठंतरी कुणाच्या तरी वहीत लिहिलेलं असेल. आम्हाला कधीच कळलं नाही. कुणी वाट बघत असेल तर त्यालाही नाही.

सुमन यायची बंद झाली. बाजाराच्या दिवशी धावड्यात टवाळ पोरं "सिस्टर, आज कुणाच्या पायात कडी?" असं विचारायची, हे मला इरफाननं सांगितलं. ते तिथपर्यंत कसं पोचलं ठाऊक नाही. मी पोचवलं नाही. पण त्यानं काय फरक पडतो? जानेवारीच्या मोजणीला सरांनी मला नेलं. अहवालात माझं नाव आहे.

त्या रविवारनंतर दोन-तीन आठवड्यांनी कॉलेजच्या शिपायानं ते पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलं. सुमनकडं होतं ते. "साळवे सिस्टरनी दिलंय," म्हणाला. मी उघडलं. मीनघारीच्या पानावर रजिस्टरचा एक कागद घडी करून ठेवला होता. निळ्या पेनातलं चित्र — वाळकी बाभूळ, पक्षी, वर उचललेला पाय. पायातली कडी वेगळी मोठी करून काढलेली. तिच्यात 'के', खाली नऊ. खाली तारीख. त्या रविवारनंतरच्या बुधवारची. आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत, 'गुडघाभर पाण्यात जाऊन बघितली. सुमन.'

तिनं ते सरांना पाठवलं नव्हतं. मला पाठवलं होतं. का? मी जाऊन सांगावं म्हणून. मला वाट करून दिली होती तिनं, माझा मान ठेवून. 'नंतर पुन्हा बघितली, कडीच होती, माझी नजर चुकली,' एवढं वाक्य पुरलं असतं. कुणी मला काही म्हणालं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग केलंस ना?

मी त्या कागदाचे चार तुकडे केले, मग आठ. टेबलाखालच्या टोपलीत टाकले. मग ते शिपायाला दिसतील म्हणून वेचून पर्समध्ये घातले आणि घरी जाताना नाल्यात सोडले. सगळं अगदी शांतपणे. पुस्तकाची नोंद 'परत' अशी केली.

पुढच्या एप्रिलमध्ये ते घरटं पुन्हा सुरू झालं. काका, इरफान आणि मी बसलो. खाली सही करताना काका म्हणाले, आता तिघं लिहा. मी तिघे लिहिलं. त्या वर्षी मादी आली, नर आला नाही. मे उजाडला तशी मी जायची थांबले.

सुमनची पुढं अंबड तालुक्यात बदली झाली. ती त्यामुळं झाली असं मी म्हणत नाही. बदल्या होतच असतात.

मग कितीतरी वर्षं गेली. निवृत्तीचे कागद घेऊन मी जालन्याला गेले होते. बसस्टँडवर कुणीतरी हाक मारली, "विजयाताई!" सुमनच. केस पांढरे झाले होते, हातात औषधांचा खोका. ती इतक्या मोकळेपणानं माझ्याजवळ येऊन बसली की मीच अंग चोरलं. गुडघ्यांचं विचारलं, सूनबाईंचं विचारलं. काका गेल्याचं तिला कळलं होतं. मग सहज म्हणाली, "पक्षी बघता का अजून?"

"कधीमधी," मी म्हटलं. "तू?"

"मी सोडलं." ती हसली. "तुम्हाला एक सांगायचं राहून गेल्तं ताई. त्या वख्ताला मला तुमचा लई राग आल्ता. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बोलल्या. मी पुन्हा जाऊन बघितली ती कडी, चित्र काढून पुस्तकात ठेवलं. मिळालं असंल तुम्हाला. मंग तुम्ही काहीच बोलल्या न्हाई, तर मी इचार केला — ताई अशा न्हाईत. चित्र बघून त्यांना वाटलं असतं तर त्या धावत आल्या असत्या. म्हणजे मीच हट्टानं बघितलं. धाग्याच्या गाठीत मला अक्षरं दिसली. बघा, मन काय काय दाखवतं!"

लाऊडस्पीकरवर कुठल्यातरी बसची सूचना चालली होती.

"एक मात्र झालं," ती म्हणाली. "तवापासून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसाच राह्यला न्हाई. थर्मामीटर दोनदा वाचते. इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव तिनदा. नवीन पोरी हसतात मला." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. स्वतःचीच गंमत सांगावी तसं सांगितलं.

माझं तोंड उघडलं होतं. मला आठवतं, खरंच उघडलं होतं. ती माझ्या इतकी जवळ होती की तिच्या साडीला डेटॉलचा वास येत होता तो मला येत होता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. सर हयात नव्हते. माझी नोकरी संपली होती. मला गमवायला काहीसुद्धा उरलेलं नव्हतं.

अंबडची बस लागली. तिनं खोका उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि निघता निघता म्हणाली, "धागाच असंल ना ताई तो?"

मी म्हणाले, "हो गं. धागाच होता."